ढालवालीच्या बोर्डावरचा गुलाब

तुम्ही शेवटचं कुणाचं कौतुक केलंत, आणि त्यातलं खरं किती होतं?

लगेच उत्तर देऊ नका. मलाही देता येत नाही, आणि माझं तर पोट कौतुकावरच चालतं. यवतला हायवेलगत एक फ्लेक्सचं दुकान आहे. तिथे मी मजकूर लिहिते आणि बोर्ड जुळवते. वाढदिवस, निवड, नियुक्ती, उद्घाटन, पोराचा बारावीचा निकाल, बैलाचा शर्यतीतला नंबर. दुकानाच्या संगणकात तयार मजकुरांची एक फाइल आहे. कार्यसम्राट, विकासरत्न, गोरगरिबांचे कैवारी, झुंजार नेतृत्व. नाव बदलायचं, बाकी सगळं तसंच ठेवायचं. ज्यांना मी झुंजार लिहिलं त्यांच्यातल्या एकाला भांडताना सोडा, रांगेत उभं राहिलेलंही पाहिलेलं नाही.

चेहऱ्यांचंही तसंच. आमच्याकडे फोटो आला की त्याचं 'फिनिशिंग' होतं. रंग उजळायचा, केस दाट करायचे, डोळ्यांखालचं काळं पुसायचं, हवा असेल तर फेटा चढवायचा. माणूस स्वतःचा बोर्ड बघायला येतो आणि क्षणभर शोधतो की आपण कुठे आहोत. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. बोर्डावरचा माणूस आणि रस्त्यावरचा माणूस वेगळे दिसणार, हे आमच्या भागात सगळ्यांनी धरूनच चाललेलं आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा घोळ इथूनच झाला.

मी मात्र असल्या मजकुरावर वाढलेली नाही. मी पत्रकांवर वाढले. बाबा शिरूरला कारखान्यात कामाला होते, आणि कामावरून आल्यावर कामगारांच्या हक्कांची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले, घड्या घालायला त्यांच्यावर शिकले, आणि चहाचा कप ठेवायलाही आमच्याकडे जुनी पत्रकंच असायची. शाळेत असताना मी पहिल्यांदा एक पत्रक लिहून बाबांना दाखवलं. त्यात 'जुलमी', 'निर्दयी', 'क्रूर' असे शब्द होते. मला वाटलं, बाबा खूश होतील. त्यांनी पेन घेतला आणि तिन्ही खोडले.

"क्रूर लिहू नको," ते म्हणाले. "पाणी प्यायला जायचं तरी सुपरवायझरला विचारावं लागतं, हे लिही. क्रूर हा शब्द वाचणाऱ्याला म्हणू दे. विशेषण टाकायचंच असेल तर त्याच्या शेजारी पुरावा टाक. पुरावा नसेल तर खोड."

त्या पत्रकांनी फार काही जिंकलं नाही. कारखाना गेला, बाबांचे गुडघे गेले. नियम तेवढा माझ्याकडे राहिला, आणि तो घेऊन मी फ्लेक्सच्या दुकानात बसते. दिवसभर पुरावा नसलेली विशेषणं टाइप करते आणि संध्याकाळी डोकं असं जड होतं, जणू मीच ती सगळी डोक्यावर वाहून आणलीत.

नोकरी यवतला म्हणून मी मामांकडे राहते, शेजारीच कासुर्डीला. मामा शेवंती आणि झेंडू लावतात आणि गावातल्या एका गटात आहेत. गटात आहेत म्हणजे बैठकीला सतरंजीवर पुढे बसतात, एवढंच. त्यांची मुलगी, माझी मामेबहीण, रांजणगावच्या एका कंपनीत कामाला जाते. ठेकेदाराकडून लागलेली आहे. तिथेच चार मुलींबरोबर खोली घेऊन राहते आणि सुट्टीच्या दिवशी घरी येते. थोडक्यात, मी शिरूरची इकडे दौंड तालुक्यात आले आणि ती दौंडातली रांजणगावला, म्हणजे शिरूर तालुक्यात गेली. मामी म्हणायची, "तुम्ही दोघी आपापल्या तालुक्यात ऱ्हायल्या असता, तर येष्टीचं नुकसान झालं असतं व्हय?"

ही बहीण फोनवर एक गेम खेळते. गावातल्या सहा पोरांचा आणि तिचा मिळून एक ग्रुप आहे. पोरं म्हणजे एक टेम्पो चालवणारा, एक दूध संकलनावर कामाला असलेला, बाकीचे कॉलेज आणि शेत यांच्या मधे कुठेतरी. गेममधल्या एका पात्रावर या सातांचा जीव. तिचं खरं नाव परदेशी आहे आणि यांच्यातल्या कुणालाच नीट उच्चारता येत नाही, म्हणून ही पोरं तिला ढालवाली म्हणतात. तिच्याकडे तलवार नाही, धनुष्य नाही. एक भली मोठी ढाल आहे आणि तिच्यामागे ती इतरांना उभं करते.

गेम काढणाऱ्या कंपनीनं या ढालवालीवर एक छोटा ॲनिमेशनपट काढला. जेमतेम तीन मिनिटांचा.

तो आला त्यानंतरच्या सुट्टीला बहीण घरी आली, ती फोन हातात धरूनच. अंगणात आम्ही शेवंती क्रेटमध्ये भरत होतो. तिनं फोन क्रेटच्या कडेला टेकवला.

"ताई, बघ. आन् बघताना बोलू नको."

मी बघितलं. एक शहर जळतंय, माणसं पळतायत, आणि वेशीच्या दरवाजात ही एकटी ढाल घेऊन उभी. बाण येतात, दगड येतात, धूर येतो. संगीत फार मोठं. शेवटी सगळी माणसं पार होतात आणि दरवाजा बंद होतो. चांगलं काढलं होतं, धूर तर अगदी उसाचं पाचट पेटवल्यावर येतो तसाच. पण मी काही हेलावून गेले नाही, आणि तसं सांगितलं.

"खाली वाच," ती म्हणाली.

खाली लोकांनी लिहिलेलं होतं. हिंदीत, इंग्रजीत, मराठीत, आणि मला न वाचता येणाऱ्या कितीतरी लिप्यांत. एकानं लिहिलं होतं, आता जगातली सगळी थिएटरं बंद करा, पुढे बघण्यासारखं काही उरलेलं नाही. दुसऱ्यानं लिहिलं होतं, मी हे बघायच्या आधी जिवंत नव्हतो. कुणी मुलीचं नाव हिच्यावरून ठेवणार होता, आणि त्याचं लग्न अजून व्हायचं होतं, असंही त्यानंच पुढे लिहिलं होतं. एकानं तिला आई म्हटलं. त्याच्याखाली एकानं लिहिलं, आईपेक्षा जास्त. त्याच्याखाली तिसऱ्यानं, तुझ्या आईला दाखवू का हे?

मला हसू आलं, आणि मग एकदम थकवा आला. सुट्टीच्या दिवशीही मी दुकानातच बसल्यासारखं वाटलं. तोच वास. एकानं महान म्हटलं की दुसऱ्याला महानतम म्हणावंच लागतं, तिसऱ्याला त्याच्यावर चढावंच लागतं, आणि या चढाओढीत जिच्याबद्दल बोलायचं ती कधीच मागे राहिलेली असते.

"हे तर आमच्या फाइलीतलंच आहे," मी म्हणाले. "नाव बदललंय फक्त."

"तू खडा बघितला का?"

"कुठला खडा?"

तिनं बोटानं चित्र मागे नेलं. दरवाजा बंद झाल्यावर, संगीत थांबल्यावर, अगदी शेवटी ढालवाली पायरीवर बसते. एक बूट काढते, उलटा करून झटकते. त्यातून एक बारका खडा पडतो. ती बूट परत घालते आणि उठते. संपलं. माझ्या डोळ्यांसमोरून हे गेलं होतं आणि मी बघितलं नव्हतं.

"आमच्या लायनीवर बसायला काय न्हाई," बहीण म्हणाली. फुलं भरायचं तिनं थांबवलं नाही. "आख्खी शिफ्ट उभी. बुटात खडा गेला तर गेला. लाईन थोडीच थांबती? जेवणाच्या सुट्टीत झटकायचा. हिला बघितलं आन् मला वाटलं, आरं, हिच्या बी बुटात व्हता की. लढत व्हती तवापासून व्हता."

"म्हणून ही मोठी?"

"मोठी न्हाई गं. दमलीय ती. दमलेली बाई कुणी दाखवतंय का?"

तीन मिनिटांच्या त्या धूर-संगीतात एकच पुरावा होता, आणि तो हिनं शोधला होता. पण मग ग्रुपवर हिनं स्वतः काय लिहिलं होतं? मी विचारलं. तिनं दाखवलं. 'विश्वातील सर्वश्रेष्ठ, अश्रूंची महाराणी, हिच्यासारखी झाली नाही, होणार नाही.' खड्याचं नावही नव्हतं.

"खड्याचं लिवलं तर लाईक येत न्हाईत," ती म्हणाली.

पुढच्या सुट्टीला ही सगळी फौज दुकानात आली. त्या ॲनिमेशनपटाला बघणाऱ्यांचा कुठलासा मोठा टप्पा पार झाला होता आणि यांना कासुर्डी फाट्यावर अभिनंदनाचा बोर्ड लावायचा होता. मला आधी वाटलं, चेष्टा आहे. पण टेम्पोवाला गंभीर होता. "कुणाकुणाचं बोर्ड लागत्यात फाट्यावर," तो म्हणाला. "एकानं तर कुत्र्याच्या वाढदिवसाचा लावला. आमच्या ढालवालीनं काय घोडं मारलंय?"



मजकूर बहिणीनं आणला होता. मी वाचला आणि बाबांसारखा पेन उचलला. रणरागिणी खोडलं, तिनं परत लिहिलं. अभूतपूर्व खोडलं, तिनं परत लिहिलं. पोरं बाकावर बसून मजा बघत होती.

"ताई, एक सांग," शेवटी ती म्हणाली. "तुझ्या बाबांची पत्रकं किती लोकांनी वाचली?"

हा वार बरोबर बसला.

"राग मानू नको. बारीक अक्षरात खरं लिवलं तर कोण थांबतंय फाट्यावर? गाडीवरनं जाणारा माणूस हाय. त्याला मोठ्यानं हाक मारावी लागती."

मग तडजोड झाली. वरच्या मोठ्या ओळी तिच्या: 'अन्यायापुढे ढाल होऊन उभी राहणारी, लाखोंच्या डोळ्यांत पाणी आणणारी रणरागिणी ढालवाली, हिच्या लघुपटास मिळालेल्या अभूतपूर्व यशाबद्दल हार्दिक अभिनंदन!' त्याच्याखाली लहान अक्षरात एक ओळ माझी: 'जी बुटातला खडा झटकून पुन्हा उभी राहिली.' ढालवालीचं भलं मोठं चित्र डाव्या बाजूला. आणि खाली, रिवाजाप्रमाणे, शुभेच्छुकांचे गोल फोटो.

इथे दुकानाचे मालक उठून आले. मी त्यांना दादा म्हणते, ते मला चिडवायचं असलं की मॅडम म्हणतात. माणूस वाईट नाही. त्यांनी खालची ओळ बघितली आणि बहिणीच्या फोटोवर बोट ठेवलं.

"मॅडम, हितं गुलाब टाका."

तुमच्याकडे असं करतात की नाही, मला माहीत नाही. आमच्या दुकानाची ही जुनी पद्धत आहे. शुभेच्छुकांच्या ओळीत मुलीचं नाव असलं तर फोटोच्या गोलात गुलाबाचं फूल टाकायचं. नाव राहतं, चेहरा राहत नाही. फाइलमध्ये गुलाब तयारच असतो, कापून ठेवलेला. मी कितीतरी मुलींच्या जागी तो टाकलेला आहे.

"फोटोच टाका," बहीण म्हणाली.

"घरी इचारलंय का?"

"कंपनीनं गेटपासवर टाकला, तवा कुणी घरी इचारलं न्हाई."

पोरं हसली. ती हसली नाही. पुढचं ती माझ्याकडे बघून बोलली. त्यांच्या कंपनीत दर महिन्याला चांगलं काम करणाऱ्यांचे फोटो काचेत लावतात. कायम असलेल्यांचे. ठेकेदाराच्या मुलींचे लावत नाहीत. तिच्या हाताखालून गेलेला माल परत येत नाही असं सुपरवायझर चारचौघांत सांगतो, पण फोटो नाही. "माझा फोटू गेटपासवर हाय, आन् तो गेटपास बी जाताना परत घेत्यात," ती म्हणाली. "एकदा फाट्यावर लागू दे की. मी बी सगळ्यांसारखी उभी हाय तिथं."

तिला काय हवं होतं, ते मला तेव्हा नीट कळलं. ढालवालीचं अभिनंदन तर हवंच होतं. पण त्या खालच्या ओळीतला सातवा गोल तिला त्याहून जास्त हवा होता. मी तिचा गेटपासवरचाच फोटो घेतला आणि त्याचं फिनिशिंग केलं नाही. डोळ्यांखालचं काळं तसंच ठेवलं. दादा मान हलवत चहाला निघून गेले.

बोर्ड फाट्यावर लागला. पहिल्याच सकाळी मामा दूध घालून आले ते गोंधळलेले.

"चहाच्या टपरीवर आबा, गावातला एवढा मोठा माणूस, मला म्हणत्यात, आप्पा, पोरीला उभी करताय व्हय? आधी सांगायचं की!"

गोष्ट अशी की, त्या सुमारास ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती आणि सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं होतं. फाट्यावर मोठ्या बाईचा मोठा चेहरा, अन्यायापुढे ढाल, लाखोंच्या डोळ्यांत पाणी, आणि खाली मामांच्या मुलीचा फोटो. गावानं दोन आणि दोन चार केले. वरची बाई म्हणजे मामांचीच मुलगी, फिनिशिंग केलेली! खाली आहे ती ओळख पटावी म्हणून. लघुपटाचंही कुणाला नवल वाटलं नाही. आता उमेदवार गाणी काढतात, ड्रोन लावून व्हिडिओ काढतात, हिनं लघुपट काढला असेल. अंगावर चिलखत कशाला, असं एकानं विचारलं, तर दुसऱ्यानं सांगितलं म्हणे, "आवो, कंपनीतला डिरेस असंल."

मामीनं पदर तोंडाला लावून हसून घेतलं. मामांना हसावं की रागवावं कळेना. पण टपरीवर त्या दिवशी त्यांचा चहा कुणीतरी दिला होता, आणि ते दोनदा म्हणाले, "आबा स्वतः उठून बोलायला आले." संध्याकाळी त्यांनी गोठ्याकडे जाता जाता मला विचारलं, "तिचं शिक्षण किती गं झालंय? बारावी ना?" जणू त्यांना ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी रानात फुलं तोडणाऱ्या बायकांना चहा घेऊन गेले. त्यांच्यातल्या एका म्हातारीनं मला थांबवलं.

"ते खड्याचं कुणी लिवलं?"

"मी."

"नातीनं वाचून दावलं. खरं लिवलंय. आमच्या चपलंत रोज असत्यात." तिनं फुलाचं देठ खुडलं. "आप्पांची पोरगी उभी ऱ्हात आसंल, तर माझं मत तिला. पायाला काय टोचतंय, ते तिला म्हाईत हाय."

मी तिला सांगितलं, आजी, ती वरची बाई मोबाईलमधली आहे, खेळातली. ती म्हणाली, "असू दे की. खालची तर खरी हाय ना?"

ही बातमी मी बाबांना फोनवर सांगितली. ते बराच वेळ हसले आणि मग म्हणाले, "आपल्या पत्रकांना कधी मत नाही मिळालं बघ." त्यांच्या हसण्यात थोडं काहीतरी मोडलं, ते मला ऐकू आलं.

पण त्याच संध्याकाळी गटाच्या पुढाऱ्यांचा मामांना फोन आला. मामा ओट्यावर उभे राहून बोलत होते, आणि बोलता बोलता त्यांचा आवाज लहान लहान होत गेला.

"न्हाई न्हाई, तुमच्या घरचं नाव ठरलंय, त्यात बदल न्हाई... आवो, ती मोबाईलमधली बाई हाय! खेळातली! ... व्हय, पोरांचा खेळ... आता खाली हाय पोरगी, म्हंजी तिनं आपलं हौसेनं..." मग नुसतं, "व्हय. व्हय. करतो."

फोन ठेवून ते माझ्याकडे आले. ओट्याच्या कडेला बसले.

"बोर्ड राहू दे म्हणत्यात. चित्रातल्या बाईला कुणाची हरकत न्हाई. खालचा पोरीचा फोटू काढ. गुलाब लाव म्हणत्यात, तुमच्यात लावत्यात तसा."

"मी नाही लावणार, मामा."

"तुला काय अवघड हाय? एक फूल तर चिकटवायचंय."

"सहा पोरांचे फोटो आहेत. त्यांना का नाही फूल?"

"त्यांचं कोण इचारतंय?" मामा वैतागले, पण आवाज चढवला नाही. त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "हे बघ, मला त्या माणसाच्या दारात जावं लागतं. फुलाच्या गाडीपासून पाण्याच्या पाळीपर्यंत. तुझ्या बापागत मला न्हाई जमत पत्रकं काढायला."

"तिला विचारा तरी. सुट्टीला येईलच ती."

"सुट्टीपस्तोर थांबायला त्यांनी सांगितलेलं न्हाई."

मी लावला नाही. दादांनी लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी फाइलमधला गुलाब छापला, मागे गोंद असलेल्या कागदावर, आणि स्वतः स्टूल घेऊन गेले. जाताना मला म्हणाले, "मॅडम, दुकान ह्याच रस्त्यावर हाय माझं. पळून कुठं जाऊ?" त्यावर मी पत्रकातलं एखादं वाक्य फेकू शकले असते. फेकलं नाही. त्या आठवड्यात मी सात वाढदिवस लिहिले होते आणि माझ्यात वाक्य उरलेलं नव्हतं. मी नकार दिला होता, आणि नकारानं काहीही अडलं नव्हतं.

बहिणीला कुणी कळवलं नाही. मी फोन हातात घेतला आणि ठेवला. कामावर उभी असताना तिला हे कसं सांगायचं? ती सुट्टीला आली, टेम्पोवाल्यानं तिला चौफुल्याच्या एसटी थांब्यावरून घेतलं होतं, आणि फाट्यावर टेम्पो थांबला तेव्हा मी तिथे होते. ती उतरली. बोर्डाकडे बघितलं. वर ढालवाली तशीच, धुरात, ढाल घेऊन. खाली सहा पोरं, आणि सातव्या गोलात गुलाब.

"शेवंती तरी लावायची," ती म्हणाली. "बापाच्या रानातली."

"लई भारी चिकटवलाय," टेम्पोवाला म्हणाला, आणि मग स्वतःच्याच बोलण्यानं ओशाळला. दूध संकलनावरचा पोरगाही सायकल थांबवून उभा राहिला. त्याच्या डोक्यात एक कल्पना आली. "आपण सगळेच गुलाब लावू. साती गुलाब. मग काय करत्यात?"

टेम्पोवाल्यानं मान खाजवली. "माझी आई रोज बघती रं फोटू. येताजाता गाडी थांबवून लोकांला दावती."

"मग ऱ्हाऊ दे," दूधवाला म्हणाला. तिथे ती कल्पना संपली.

बहीण टेम्पोच्या हौद्यात चढली आणि त्याला टेम्पो बोर्डाला लावायला सांगितला. तिनं नखानं गुलाबाची कड उचकटली, सावकाश ओढली. दादांचा गोंद खरोखर चांगला होता. गुलाब निघाला, आणि त्याच्याबरोबर खालची शाईही निघाली. तिचा चेहरा गुलाबाच्या मागच्या बाजूला उलटा चिकटून आला. बोर्डावर एक पांढरा गोल राहिला. खाली तिचं नाव.

ती तो कागद घेऊन खाली उतरली. तिनं तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "भूक लागलीय."

घरी मामा गोठ्यात होते, ते लवकर बाहेर आले नाहीत. ती जेवली. त्यांच्याशी भांडली नाही. संध्याकाळी परत निघताना तिनं त्यांना एवढंच विचारलं, "आप्पा, मी उभी ऱ्हायले असते तर तुम्ही मत दिलं असतं का?"

मामा म्हणाले, "बस चुकंल तुझी."

पुढे आचारसंहिता लागली आणि सगळे बोर्ड उतरवले गेले. ढालवालीचाही. मामांनी तो घरी आणला आणि अंगणात फुलांच्या क्रेटवर झाकायला घातला. आमच्याकडे प्रत्येक बोर्डाचं शेवटी हेच होतं, कितीही मोठा सम्राट असो. मला दिसलं ते एवढंच की, त्यांनी पांढऱ्या गोलाचा कोपरा आत दुमडून ठेवला होता. पुढच्या सुट्टीला आल्यावर बहिणीनं तो बाहेर काढला. मामांनी बघितलं. परत दुमडला नाही.

निवडणूक झाली. निवडून आलेल्या बाईंच्या अभिनंदनाचा बोर्ड आमच्याच दुकानात झाला आणि त्याचा मजकूर मीच लिहिला. त्यावर मोठा चेहरा त्यांच्या यजमानांचा होता. बाईंचा फोटो कोपऱ्यात, पदर कपाळापर्यंत. मी दादांना म्हणाले, सरपंच कोण झालंय? दादा म्हणाले, "आलाय तसा छापायचा, मॅडम." मी छापला. त्या दिवशी घरी आले आणि काही न खाता झोपले.

बहीण अजून गेम खेळते, अजून ढालवालीला विश्वातील सर्वश्रेष्ठ लिहिते. मी आता तिला अडवत नाही. ज्यांचा स्वतःचा चेहरा कुठे लागत नाही, त्यांनी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर एवढी विशेषणं ओतली, तर मला त्यांचा राग यायचा थांबलाय. राग येतो तो गुलाबाचा.

मागच्या सुट्टीला ती त्या झाकलेल्या क्रेटवर बसली होती, बूट काढून, पाय मोकळे सोडून. म्हणाली, "ताई, तू लिही हे. पण माझं नाव टाकू नको, ठेकेदार वाचतो सगळं. आन् मला रणरागिणी म्हणू नको."

"मग काय म्हणू?"

"लिही की, पोरगी लायनीवर उभी ऱ्हाती आन् तिचा माल परत येत न्हाई."

लिहिलं. आता तुमच्याकडे एक काम आहे. तुमच्या घरातलं, तुमच्या मंडळातलं कुणीतरी लवकरच एखादा बोर्ड करायला निघेल. त्याला शुभेच्छुकांची ओळ दाखवायला सांगा. तिच्यात मुलीच्या जागी फूल असेल, तर तो बोर्ड दुकानातून उचलू नका. त्या मुलीला विचारा, आणि ती हो म्हणाली तर तिचा फोटो द्या, डोळ्यांखालच्या काळ्यासकट. आणि नावाखाली तिनं काय केलं, ते एका साध्या वाक्यात लिहून द्या. टाइप मी करीन.